शेतातली धावपट्टी: इंग्लंडमध्ये इस्टेटवर ग्रास स्ट्रिप करायची तर सुरुवात कुठून करायची

फेब्रुवारीतली सकाळ होती, इंजिन गरम झालेलं, ब्रेक सोडले आणि विमान जागचं हललंच नाही. पॉवर वाढवली तशी शेपूट वर उठल्यासारखी वाटली म्हणून लगेच इंजिन बंद केलं आणि खाली उतरून बघतो तर पुढचं चाक अर्ध्याच्या वर मातीत. प्रोपेलरचं टोक आणि गवत यांच्यात माझी वीतसुद्धा मावली नाही. अजून थोडी पॉवर दिली असती तर प्रोपेलर जमिनीला लागला असता, आणि मग इंजिन खोलून तपासणं आलं, म्हणजे हजारो पौंडांचा खर्च आणि अख्खा सीझन वाया.

ऑक्सफर्डशरमधल्या एका जुन्या इस्टेटवर आम्ही चौघांनी मिळून स्ट्रिप, म्हणजे गवताची छोटी धावपट्टी, केली, विमान चौघांचं शेअरमध्ये, जमीन इस्टेटच्या मालकांची. जे शिकलो ते नीट लिहून ठेवतोय कारण इंग्लंडमध्ये राहणारी, पायलट लायसन्स घेतलेली बरीच मराठी मंडळी आता हे विचारायला लागलीयत. नियम सगळे इंग्लंडचे आहेत हे आधीच सांगतो. भारतात डीजीसीएची (तिथल्या नागरी विमान नियामकाची) चौकट पूर्ण वेगळी आहे, यातलं काहीही गावाकडच्या शेताला लावू नका.

आधी जमीन चाला, आणि ती हिवाळ्यात चाला

आमच्यासमोर दोन शेतं होती. खालचं सपाट, लांबलचक, बघताक्षणी रनवे वाटावं असं. वरचं थोडं तिरकं, एका टोकाला चढ असलेलं, मातीत चुनखडीचे तुकडे. आम्ही जूनमध्ये बघायला गेलो आणि अर्थातच खालचं निवडलं, जूनमध्ये ते दगडासारखं टणक होतं. पण ती सगळी ऑक्सफर्ड क्ले, म्हणजे आपल्या काळ्या रानासारखीच चिकण माती, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि नोव्हेंबर ते मार्च पाणी धरून बसते.

बाबा त्या वर्षी इकडे आले होते, परभणीकडची शेती अख्खं आयुष्य केलेला माणूस. चाक रुतल्यावर दोन दिवसांनी त्यांना तिथे नेलं. ते काही न बोलता खाली वाकले, मूठभर माती घेतली, लाडू वळला आणि कमरेच्या उंचीवरून सोडला. लाडू फुटला नाही, नुसता चपटा होऊन बसला. "वाफसा नाही रे याला," एवढंच म्हणाले. मग वरच्या शेतात गेलो, तिथेही त्याच आठवड्यात तेवढाच पाऊस झालेला, तिथला लाडू पडल्यावर फुटून मोकळा झाला. ज्यांना शेती माहिती नाही त्यांच्यासाठी: वाफसा म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची असते ती अवस्था, पेरणीला योग्य, आणि आमच्या अनुभवाप्रमाणे चाकालाही योग्य. आम्ही स्ट्रिप वरच्या शेतात हलवली आणि आजही हिवाळ्यात उडायच्या आधी ही लाडूची परीक्षा घेतो, रनवेवर तीन ठिकाणी, दोन्ही टोकांना आणि मध्ये.

तेव्हा पहिलं काम हे, की डिसेंबर ते फेब्रुवारीत किमान तीन वेळा, त्यातली एक वेळ मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी, पूर्ण लांबी पायी चालायची. गमबूट घाला, हातात काठी ठेवा, काठी सहज चार बोटं आत गेली तर ती जागा कागदावर मार्क करा. पाणी कुठे साचतं, कुठे हिरवं जास्त गडद आहे, लव्हाळ्यासारखं गवत कुठे उगवलंय ते बघा, तिथे पाणी मुरत नाही हे समजायचं. उन्हाळ्यात मग गाडी घेऊन जा. ताशी ३० मैलांनी रनवेवरून गाडी चालवता आली आणि डोकं छताला लागलं नाही तर पृष्ठभाग ठीक आहे, ही इथल्या स्ट्रिपवाल्यांची जुनी कसोटी आहे आणि चांगली आहे.

चालताना बिळं शोधा. सशांची बिळं, आणि मोल नावाचा जमिनीखाली बोगदे करणारा प्राणी इथे असतो त्याचे मातीचे ढीग. मोलचे ढीग पसरून रोलर फिरवता येतो पण खालचा बोगदा नंतर खचतो, त्यामुळे ते काम दर आठवड्याचं आहे. बॅजरचं बीळ दिसलं तर मात्र हात लावू नका, १९९२ च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे. आम्ही रनवेचं एक टोक त्यासाठी मागे घेतलं.

दिशा, तारा, झाडं

इंग्लंडमध्ये वारा बहुतेक वेळा नैऋत्येकडून येतो त्यामुळे नैऋत्य-ईशान्य अशी पट्टी मिळाली तर उत्तम. रनवेचा नंबर म्हणजे चुंबकीय दिशा भागिले दहा, २४० अंश असेल तर २४, आणि उलट बाजूने ०६. पण शेत आपल्या सोयीने वळवता येत नाही, त्यामुळे वारा, उतार आणि अडथळे यांच्यात तडजोड करावी लागते, आणि माझं ठाम मत आहे की तडजोड वाऱ्यात करा, अडथळ्यात करू नका. आडवा वारा असला तर त्या दिवशी उडायचं नाही, संपलं. तार मात्र रोज तिथेच असते.

विजेची तार हवेतून दिसत नाही. दिसतात ते लाकडी खांब, आणि तेही कुंपणाच्या झाडांत लपलेले असतात. म्हणून दोन्ही टोकांच्या पुढे किमान एक किलोमीटर पायी किंवा सायकलने जाऊन प्रत्येक खांब नकाशावर मांडा आणि तारेची रेघ ओढा. झाडांची रांग वाऱ्याच्या बाजूला असेल तर वारा तिच्यावरून येताना गुंडाळी खातो, नेमका तुम्ही फ्लेअर करताय, म्हणजे टेकायच्या आधी नाक हलकं उचलताय, तेव्हा विमान खाली दाबलं जातं. आमच्या २४ च्या टोकाला ओक आहेत, वारा दक्षिणेकडे सरकला आणि १५ नॉटच्या वर गेला की आम्ही चहा पितो.

वरची हवाई हद्दसुद्धा बघायची. ऑक्सफर्डशरमध्ये ब्राइझ नॉर्टन आणि बेन्सन हे दोन हवाई दलाचे तळ आहेत, त्यांच्या हद्दी चार्टवर नीट बघून मगच शेत ठरवायचं. हद्दीच्या आत जागा येत असेल तर आधी त्या तळाशी बोला, लेखी करार करून रोजची ये-जा कशी करायची ते ठरवता येतं का ते विचारा.

लांबी किती लागेल, हे मोजून काढा

इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात, कारण विमानाच्या हँडबुकमधला टेकऑफ-लँडिंगच्या अंतराचा आकडा कोरड्या सपाट डांबरी रनवेचा, नव्या इंजिनाचा आणि कसलेल्या टेस्ट पायलटचा असतो. सीएएने (ब्रिटनच्या नागरी विमान नियामकाने) सुरक्षा पत्रकात गुणक दिलेत आणि ते एकमेकांना गुणायचे असतात, बेरीज नाही करायची.

टेकऑफसाठी: कोरडं गवत १.२०, ओलं गवत १.३०, दोन टक्के चढ १.१०, तापमान दहा अंशांनी जास्त असेल तर १.१०, वजन दहा टक्के जास्त असेल तर १.२०, मऊ जमीन असेल तर किमान १.२५. मागून वारा, तोही उडण्याच्या वेगाच्या फक्त दहा टक्के, तरी १.२०. आणि हे सगळं झाल्यावर शेवटी सुरक्षेचा गुणक १.३३.

समजा तुमच्या विमानाच्या हँडबुकमध्ये ५० फुटांच्या अडथळ्यावरून जायला ४०० मीटर लिहिलंय. पावसानंतरची उबदार दुपार, तापमान दहा अंशांनी जास्त, गवत ओलं, दोन टक्के चढ. ४०० गुणिले १.३० म्हणजे ५२०, त्याला १.१० म्हणजे ५७२, परत १.१० म्हणजे ६२९, आणि १.३३ ने जवळपास ८३७ मीटर. दुपटीपेक्षा जास्त. आमची पट्टी ६२० मीटर आहे, म्हणजे अशा दुपारी चढाच्या दिशेने चौघं बसून उडायचं नाही हे कागदावरच ठरलं, मैदानात उभं राहून "बघू, जाईल" असं म्हणायची वेळच येत नाही.

लँडिंगला सुरक्षेचा गुणक १.४३, ओलं गवत १.३५. अगदी आखूड कापलेलं ओलं गवत सगळ्यात वाईट, ते १.६० पर्यंत जाऊ शकतं, कारण ब्रेक दाबला की चाक थांबतं आणि विमान घसरत राहतं. नवीन माणसाला वाटतं की गवत जेवढं बारीक तेवढं चांगलं, तसं नाहीये.

उताराचं एक सांगतो. ६०० मीटरवर दोन टक्के म्हणजे दोन टोकांच्या उंचीत १२ मीटरचा फरक, चार मजली इमारतीएवढा, आणि उभं राहून बघितलं तर तो जाणवतही नाही. डंपी लेव्हल (उंचीतला फरक मोजायचं उपकरण) भाड्याने घ्या किंवा एखाद्या सर्व्हेअरकडून मोजून घ्या. उतार असलेल्या बहुतेक स्ट्रिप एकमार्गी वापरतात, चढावर उतरायचं आणि उतारावरून उडायचं, वारा फार नसेल तर.

कागदपत्रं

खासगी उड्डाणासाठी सीएएचं एरोड्रोम लायसन्स लागत नाही. लागतो तो जमिनीच्या वापराचा विचार, आणि तो लोकल कौन्सिलचा विषय. इंग्लंडमध्ये २०१५ च्या परमिटेड डेव्हलपमेंट आदेशाखाली शेताचा तात्पुरता दुसरा वापर कॅलेंडर वर्षात एकूण २८ दिवस प्लॅनिंग परवानगीशिवाय करता येतो. स्ट्रिपवाले याला नुसतं अठ्ठावीस दिवसांचा नियम म्हणतात. यात एक मेख आहे, घराच्या आवारातली जमीन यात बसत नाही, म्हणजे इस्टेटच्या बंगल्यासमोरची हिरवळ कितीही मोठी असली तरी ती नाही चालत.

दिवस मोजायची वही ठेवा. तारीख, कोण, किती वाजता, कुठल्या दिशेने. आमची वही कोठाराच्या दाराला सुतळीने बांधलेली आहे, पेन्सिलसकट, आणि पाहुणा असो की मालक, लिहिल्याशिवाय कोणी इंजिन सुरू करत नाही. ज्या दिवशी शेजारचा कोणी कौन्सिलकडे तक्रार करेल त्या दिवशी तुमच्या बाजूने बोलणारी ही एकच गोष्ट असते. २८ पेक्षा जास्त उडायचं असेल तर सरळ परवानगी मागा. दहा वर्षं सलग वापर झाल्याचा पुरावा असेल तर कायदेशीर वापराचं सर्टिफिकेट मागता येतं, तिथेही हीच वही. हँगर (विमान ठेवायची शेड) बांधणं किंवा धान्याचं कोठार हँगर म्हणून वापरणं हा वेगळा विषय आहे, त्याला वेगळी परवानगी लागू शकते, आधी विचारा.

सार्वजनिक पायवाट शेतातून जात असेल (कौन्सिलच्या अधिकृत नकाशात दिसते) तर ती अडवता येत नाही आणि अडवूही नये, शेकडो वर्षं लोक तिथून चालतायत. दोन्ही बाजूंना विमानांची पाटी लावा, आणि पायवाटेवर माणूस दिसला की थांबायचं. कुत्रा सुटा असेल तर इंजिन बंद.

इन्शुरन्स दोन जागी लागतो, विमानाचा थर्ड पार्टी आणि जमीनमालकाचा पब्लिक लायबिलिटी. मालकांच्या शेतीच्या पॉलिसीत विमानं सहसा वगळलेली असतात, कंपनीकडून लेखी घ्या. तोंडी "हो चालेल" यावर अवलंबून राहू नका.

शेजारी

हा भाग मला जमिनीइतकाच महत्त्वाचा वाटतो. पहिलं विमान उतरायच्या आधी अर्ध्या-पाऊण मैलातल्या प्रत्येक घरी जाऊन आलो. दिवाळी जवळ होती म्हणून बायकोने चकल्या आणि शंकरपाळे डब्यांत भरून दिले, दारात उभं राहून नकाशा दाखवला, कुठून उडणार, कुठे वळणार, रविवारी सकाळी दहाच्या आधी नाही, आणि खाली माझा फोन नंबर. एका घरी घोड्यांचा तबेला आहे. तिथल्या बाईंनी सांगितलं की मंगळवारी आणि गुरुवारी त्या लहान मुलांना रायडिंग शिकवतात, तेवढे दोन दिवस आम्ही उडत नाही, पाच वर्षं झाली. त्या बाईंनीच एकदा संध्याकाळी फोन करून सांगितलं की मेंढ्या कुंपण तोडून रनवेवर आल्यात.

नकाशावर घरं टाळणारा सर्किट (उडून-उतरतानाचा रनवेभोवतीचा फेरा) आखून घ्या आणि तो सगळ्या पायलटना छापून द्या. गावावरून वळायचं नाही म्हणजे नाही.

गवत

बारमाही राय आणि फेस्क्यू यांचं मिश्रण चांगलं टिकतं, राय लवकर धरतं आणि फेस्क्यूची मुळं जाळी धरतात. पेरणी सप्टेंबरच्या सुरुवातीला, आणि त्या हिवाळ्यात त्यावर चाक अजिबात नाही, पुढच्या मेपर्यंत थांबा. रुंदी आम्ही २० मीटर कापतो आणि दोन्ही बाजूंना अजून थोडं मोकळं ठेवतो. उंची सात ते दहा सेंटिमीटर. कापलेलं गवत उचला, नाहीतर ओल्या गवताचे गठ्ठे चाकाच्या कव्हरमध्ये बसतात, आम्ही तर कव्हरं काढूनच ठेवलीयत.

रोलर वसंतात, वाफसा असतानाच. पहिल्या वर्षी बाहेरून माणूस बोलावला, त्याने ओल्या मातीवर जड रोलर फिरवला, वरून छान गुळगुळीत झालं आणि आतली माती दाबून अशी बसली की पाणी मुरायचंच बंद झालं. तो पट्टा मोकळा व्हायला दोन वर्षं गेली. पाण्याच्या निचऱ्यासाठी चिकण मातीत मोल ड्रेन काढतात, ट्रॅक्टरमागे एक गोळा जमिनीखालून ओढत नेतात आणि बोगदा तयार होतो, पण तो रनवेच्या खालून नेताना खोली आणि दिशा शेतीची कामं करणाऱ्या जाणकाराकडूनच ठरवून घ्या.

मेंढ्या ठेवल्या तर गवतही आखूड राहतं आणि खुरांनी जमीनही बसते. गाई मात्र नकोत. त्यांच्या खुरांचे खड्डे पडतात आणि विमान उभं असेल तर पंख चाटतात, अंग घासतात. विमानाभोवती विजेचं कुंपण हवंच.

सामान

विंडसॉक (वारा दाखवणारी कापडी नळी) झाडांपासून लांब, दोन्ही टोकांवरून दिसेल असा. कडेच्या खुणांना जमिनीशी समतल बसवलेल्या पांढऱ्या फरशा वापरा, रंगवलेले टायर नकोत, चाक लागलं तर विमान फिरतं. रनवेच्या अर्ध्यावर दोन्ही बाजूंना ठळक खूण करा, ती का ते खाली सांगतो. अग्निशामक, कटर, कुऱ्हाड, फर्स्ट एड, आणि दारावर मोठ्या अक्षरात पोस्टकोड आणि ग्रिड रेफरन्स, कारण ॲम्ब्युलन्सला "शेतात या" सांगून चालत नाही. कुठल्या फाटकातून आत यायचं तेही लिहा.

इंधन: घरगुती ठिकाणी ३० लिटरपर्यंत पेट्रोल योग्य कॅनमध्ये ठेवता येतं, त्यापुढे २७५ लिटरपर्यंत पेट्रोलियम अधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आम्ही साठवतच नाही, जवळच्या एअरफील्डवर जाऊन भरतो.

रेडिओवर स्वतःची फ्रिक्वेन्सी नसेल तर सेफ्टीकॉम ही सामाईक फ्रिक्वेन्सी, १३५.४८०, तिथे कोणी उत्तर देत नाही, आपण आपली जागा आणि इरादा सांगायचा.

पहिलं लँडिंग

आधी तिथे नियमित उतरणाऱ्या कोणाबरोबर बसून जा, नवीनच स्ट्रिप असेल तर ग्रास स्ट्रिपचा अनुभव असलेल्या इन्स्ट्रक्टरला घेऊन जा. वजन कमी ठेवा, अर्धी टाकी. एकदा वरून बघा, मेंढ्या, माणसं, विंडसॉक, मग एक अप्रोच फक्त बघण्यासाठी करा आणि वर निघा. अरुंद पट्टीवर येताना आपण आहोत त्यापेक्षा उंच असल्यासारखं भासतं, चढ असेल तर अजूनच, त्यामुळे माणूस नकळत खाली खाली येतो. वेगावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा, पाच नॉट जास्त असले तरी आखूड पट्टीवर ते फार असतात. कुठून गो-अराउंड करायचं, म्हणजे न उतरता परत वर निघायचं, ती जागा जमिनीवर असतानाच ठरवा.

टेकऑफला ती अर्ध्यावरची खूण. खुणेपाशी उडण्याच्या वेगाच्या ७० टक्के वेग नसेल तर पॉवर बंद, ब्रेक. विचार करायचा नाही.

आणि घरी कोणाला तरी सांगून निघा. इंग्लंडमध्ये इस्टेटवरून उडायची परंपरा जुनी आहे, वोबर्न ॲबीच्या डचेस ऑफ बेडफर्ड, मेरी रसेल, यांचं उदाहरण माझ्या कायम डोक्यात असतं. १९२९ मध्ये वयाच्या ६३ व्या वर्षी त्या सोबत पायलट घेऊन इंग्लंडहून कराचीला, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कराचीला, जाऊन आठ दिवसांत परत आल्या होत्या. २२ मार्च १९३७ ला ७१ वर्षांच्या असताना त्या वोबर्नवरून एकट्या उडाल्या आणि परत आल्याच नाहीत. आज फोन आहेत, ट्रॅकर आहेत, पण स्ट्रिपवर टॉवर नसतो, तुम्ही उतरला नाहीत हे कोणालाच आपोआप कळत नाही. आमच्यात प्रत्येक उड्डाणाला एक जबाबदार माणूस ठरलेला असतो, त्याच्याकडे विमानाचा नंबर, किती जण, कुठे, कितीपर्यंत परत, आणि त्या वेळेनंतर अर्धा तास फोन लागला नाही तर ९९९ (इथला इमर्जन्सी नंबर). माझ्यासाठी ते काम बायको करते. उतरल्यावर इंजिन बंद केलं की वहीत लिहायच्याही आधी तिला मेसेज जातो, "टेकलो."